भागाकार घरी शिकवताना: आधी नोटा, मग मांडणी

तिसरी-चौथीतलं मूल भागाकार चुकलं की घरात एकच निदान होतं: पाढे कच्चे. असतीलही. पण वही जरा नीट पाहा. ६१८ भागिले ३ चं उत्तर २६ लिहिलेलं दिसेल, ९६ भागिले ४ चं ११४. या दोन्ही उत्तरांत पाढा एकदाही चुकलेला नाही. मुलाला मांडणी आधी शिकवली गेली आणि त्या मांडणीत नेमकं काय वाटलं जातंय हे कधी कळलंच नाही, म्हणून ही उत्तरं आली.

इंदूरच्या मराठी घरांत यात थोडी भर पडते. मूल हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात, संध्याकाळी अभ्यास घेणारे आजी-आजोबा मराठीत शिकलेले. भागाकार एकच, पण मांडण्या दोन आणि पाढ्यांच्या चाली दोन. शाळेत शिक्षिका एक सांगते, घरी आजी दुसरं, आणि मूल दोन्हींची खिचडी करतं. खालच्या पायऱ्या आहेत त्याच क्रमाने घ्या. मूल पाचवीत असलं तरी पहिल्या पायरीपासून सुरू करा. येत असेल तर ती पायरी एका बैठकीत संपेल.

## तयारी

आधी तीन गोष्टी तपासा. एकही अडली तर भागाकार तूर्त बाजूला ठेवा.

१. हातच्याची वजाबाकी. ५२ वजा ३८ करायला द्या. उत्तर २६ आलं (म्हणजे ८ मधून २ वजा केले) तर आधी वजाबाकी पक्की करा.

२. स्थानिक किंमत. ४०८ मध्ये शंभराच्या नोटा किती, दहाच्या किती, सुटे किती? ‘दहाची एकही नाही’ हे उत्तर न अडखळता आलं पाहिजे.

३. २, ३, ४, ५ आणि १० चे पाढे. ६ ते ९ चे पाढे चौथ्या पायरीपर्यंत होत राहिले तरी चालतात. सगळे पाढे पाठ होईपर्यंत भागाकाराला हात लावायचा नाही, हा हट्ट मला पटत नाही. उलट भागाकार करताना पाढे पक्के होतात.

सामानात पन्नासेक राजमे किंवा चिंचोके, पाच-सहा वाट्या, चौकटीची वही आणि कागद कापून केलेल्या नोटा: १०० च्या दहा, १० च्या वीस, आणि १ रुपयाची तीसेक ‘नाणी’. नोटा मुलालाच करू द्या. दुकानात मिळणाऱ्या खेळातल्या नोटांत ५०, २०० आणि ५०० च्या असतात, त्या काढून टाका. त्या मध्ये आल्या की सगळा घोळ होतो.

सावधान: हा लेख मराठी अंकांत आहे, पण मुलाच्या वहीत शाळेतलेच अंक लिहा. आपला १ त्याला नऊसारखा दिसतो आणि ४ आठसारखा. आजोबांनी सवयीने लिहिलेलं गणित मूल बरोबर सोडवतं आणि उत्तर भलतंच येतं.

## पायरी १: वाटणी आणि गट, दोन्ही

बारा मोदक तीन ताटांत सारखे वाढायचे. प्रत्येक ताटात किती? ही वाटणी.

बारा मोदक आहेत, प्रत्येकाला तीन द्यायचे. किती जणांना पुरतील? हे गट करणं.

लिहिताना दोन्ही १२ ÷ ३ = ४ असंच लिहितात, पण हातांना दोन वेगळी कामं करावी लागतात. वाटणीत तीन वाट्या मांडून एकेक दाणा फिरवत टाकायचा. गट करताना वाटी नकोच, तीन-तीन दाणे उचलून बाजूला ठेवत जायचं. घरोघरी फक्त वाटणी शिकवली जाते. मग चौथीत ‘३६ लाडू, एका डब्यात ९ मावतात, तर डबे किती?’ असं गणित आलं की मूल विचारतं, ‘पण यात वाटायचं कुणाला?’

दोन्ही प्रकार राजम्यांनी करून घ्या. १२, १५, १८, २० असे छोटे आकडे पुरेत. या पायरीवर काही लिहायचं नाही.

शून्याचंही इथेच उरका. रिकामी बशी पाच जणांत वाटली तर प्रत्येकाला शून्य. पाच राजम्यांचे शून्य-शून्याचे गट करायला सांगा: कितीही वेळा ‘काहीच न’ उचललं तरी पाचच्या पाच तिथेच राहतात. म्हणून शून्याने भागत नाहीत. तिसरीच्या मुलाला एवढं कारण पुरतं.

तपासा: १५ ÷ ५ साठी मुलाला दोन गोष्टी रचायला सांगा, एक वाटणीची, एक गटांची. दोन्हीत पाच मुलंच आली तर अजून थांबा.

## पायरी २: पुन्हा पुन्हा वजा

२० मधून ४ काढा, उरले १६. पुन्हा ४, उरले १२. मग ८, मग ४, मग ०. पाच वेळा काढले, म्हणून २० ÷ ४ = ५.

इथे एक चूक हमखास होते. मूल कागदावरच्या संख्या मोजतं: २०, १६, १२, ८, ४, ० म्हणजे सहा! संख्या मोजायच्या नसतात, उड्या मोजायच्या असतात. प्रत्येक वजाबाकीला बाजूला एक रेघ मारायला लावा आणि रेघाच मोजू द्या.

या पायरीवर फार रेंगाळू नका. ४८ मधून ४ बारा वेळा काढायला लावलं की मूल कंटाळून म्हणतं, ‘याला काही शॉर्टकट नाही का?’ पाढ्याची पायरी तेव्हाच घ्यायची.

## पायरी ३: पाढा उलटा

पाढा सरळ म्हणता येणं वेगळं आणि उलटा वापरता येणं वेगळं. ‘सहा चोक किती’ला चोवीस पटकन येतं. ‘चोवीसमध्ये सहा किती वेळा’ला मूल सहा एके सहापासून गाडी सुरू करतं. सुरुवातीला करू द्या, नंतर ती सवय सोडवायची.

त्यासाठी संख्या सांगून पाढा विचारा. ‘छत्तीस कुठे कुठे येतात?’ चारच्या पाढ्यात, सहाच्या, नऊच्या. ‘चारच्या पाढ्यात कितव्या जागी?’ नवव्या. म्हणजे ३६ ÷ ४ = ९, आणि त्याच दमात ३६ ÷ ९ = ४. पोळ्या लाटताना, शाळेच्या बसची वाट पाहताना, तोंडीच होण्यासारखा हा अभ्यास आहे. वही काढलीत की त्यातली मजा जाते.

छप्पन्न आणि चोपन्न यांत मुलं फार गोंधळतात. सात आठी छप्पन्न इंदूरची मुलं विसरत नाहीत, कारण छप्पन दुकान, शहरातली प्रसिद्ध खाऊगल्ली! सहा नव्वे चोपन्न मात्र वेगळं घोकून घ्यावं लागतं.

सावधान: मूल शाळेत ‘छह चौके चौबीस’ म्हणत असेल तर घरीही तेच म्हणू द्या. त्याला ‘सहा चोक चोवीस’ शिकवायची हौस सुट्टीत भागवा. भागाकार करताना पाढा ज्या चालीत पाठ आहे त्याच चालीत आठवतो, दुसऱ्या चालीत नाही. इंग्रजी माध्यमाच्या मुलाला तर एकोणसाठही कळत नाही आणि उनसठही. अशा वेळी तोंडी हुज्जत न घालता पाटीवर अंक लिहून दाखवा.

## पायरी ४: बाकी

२३ राजमे, ५ वाट्या. प्रत्येक वाटीत ४, बाहेर उरले ३. लिहायचं असं: २३ ÷ ५ = ४, बाकी ३. शाळेच्या वहीत बाकीला ‘शेष’ किंवा ‘रिमेंडर’ म्हणतील, मुलाला हे शब्द कानावरून गेलेले असू द्या.

आता पाढा म्हणताना थांबायचं कुठे हा प्रश्न येतो. पाच चोक वीस, पाच पंचे पंचवीस. पंचवीस आपल्याकडे नाहीत, म्हणून एक पाऊल मागे, विसावर. ‘जवळ जा, पण ओलांडू नको’ एवढंच सांगा.

दोन चुका दिसतील. एक, मूल ओलांडून जातं आणि २५ मधून २३ वजा करून ‘बाकी २’ लिहितं. दुसरी, फार लवकर थांबतं: २३ ÷ ५ = ३, बाकी ८. दुसरी चूक जास्त वाईट, कारण वजाबाकी बरोबर असते आणि मोठ्यांच्याही नजरेतून सुटते. वाट्यांनी दाखवा: बाहेर आठ दाणे पडलेत, वाट्या पाच, मग आणखी एक फेरी का नाही झाली?

नियम वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: बाकी भाजकापेक्षा लहानच हवी. पुढच्या सगळ्या पायऱ्यांत हा लागणार आहे.

बाकीचं करायचं काय, हे मात्र गणितात काय विचारलंय त्यावर ठरतं. याला वेळ द्या. तीन गणितं शेजारी शेजारी मांडा:

- २३ मुलांना चिडियाघर बघायला न्यायचंय, एका ई-रिक्षात ४ सवाऱ्या. २३ ÷ ४ = ५, बाकी ३. रिक्षा ६ लागतील. उरलेल्या तिघांना फुटपाथवर सोडता येत नाही.
- ५० रुपये आहेत, एक पेन ८ रुपयांचं. ५० ÷ ८ = ६, बाकी २. पेनं ६ च येतील.
- आज मंगळवार. २३ दिवसांनी कोणता वार? २३ ÷ ७ = ३, बाकी २. इथे भागाकार टाकून द्यायचा, उत्तर बाकीतच आहे: मंगळवारनंतर दोन दिवस, गुरुवार.

तपासा: मुलाला ‘उत्तर पाच, बाकी तीन’ एवढ्यावर सुटू देऊ नका. ‘म्हणजे रिक्षा किती बोलावू?’ असा उलट प्रश्न विचारा.

## पायरी ५: नोटा मोडणं

सगळ्या लेखात वेळ द्यायची जागा हीच. इथे घाई केली की पुढे शून्य हरवतं.

७२ रुपये तिघांत वाटायचेत. टेबलावर दहाच्या ७ नोटा आणि २ नाणी ठेवा. सुरुवात कुठून? मूल बहुधा नाण्यांकडे हात नेईल, कारण बेरीज, वजाबाकी, गुणाकार सगळे उजवीकडून होतात. करू द्या. दोन नाणी तिघांत जात नाहीत हे त्याला दिसेल, मग नोटांकडे वळेल. भागाकार डावीकडून, म्हणजे मोठ्या नोटेपासून करायचा, हे सांगण्यापेक्षा असं अडल्यावर लक्षात राहतं.

७ नोटा तिघांत: प्रत्येकाला २, उरली १. ती फाडायची नाही, मोडून आणायची. तुम्ही बँक व्हा, नोट घ्या, दहा नाणी द्या. आता नाणी १०, आणि आधीची २, मिळून १२. प्रत्येकाला ४. प्रत्येकाजवळ २ नोटा आणि ४ नाणी, म्हणजे २४.

मग ४५६ चौघांत. शंभराच्या ४, प्रत्येकाला १, उरलं काही नाही. दहाच्या ५, प्रत्येकाला १, उरली १, ती मोडली. नाणी १६, प्रत्येकाला ४. उत्तर ११४.

तपासा: नोट मोडल्यावर मुलाने ‘बारा’ म्हटलं पाहिजे. ते नुसत्या नव्या दहा नाण्यांना हात लावत असेल आणि आधीची दोन विसरत असेल, तर कागदावर तेच मूल वरचा अंक खाली आणायला विसरेल.

## पायरी ६: मांडणी

आधी वरची दोन्ही गणितं नोटांनी पुन्हा करा, पण या वेळी मूल नोटा हलवेल आणि तुम्ही शेजारी लिहाल. प्रत्येक हालचालीला एक ओळ. नंतर अदलाबदल: तुम्ही नोटा, मूल वही.

मांडणी कुठली? जुन्या पद्धतीत भाजक डावीकडे, भाज्य मध्ये आणि भागाकार उजवीकडे लिहितात. इंग्रजी माध्यमाच्या बहुतेक वह्यांत भागाकार भाज्याच्या डोक्यावर लिहितात. शाळेत जी चालते तीच घरी ठेवा. मला स्वतःला डोक्यावरची सोयीची वाटते, कारण शतकावर शतक, दशकावर दशक येतं आणि एखादं घर रिकामं राहिलं तर डोळ्यांना लगेच खुपतं. शाळेत उजवीकडचीच असेल तर सुरू करण्याआधी उजवीकडे जितके अंक येणार तितक्या रिकाम्या रेघा आखायला लावा. त्या किती, ते असं ठरवा: भाज्याचा पहिला अंक भाजकाएवढा किंवा मोठा असेल तर भाज्यात जितके अंक तितक्या रेघा, लहान असेल तर एक कमी.

८५२ ÷ ६ घेऊ.

१. ८ मध्ये ६ एकदा. वर १ लिहा.
२. गुणा: ६. आठाखाली लिहा.
३. वजा: २ उरले.
४. थांबा. २ हे ६ पेक्षा लहान आहेत ना? आहेत.
५. पुढचा ५ खाली आणा. झाले २५.

पुन्हा तेच: २५ मध्ये ६ चार वेळा, २४, उरला १, लहान आहे, २ खाली आणा, झाले १२. १२ मध्ये ६ दोनदा, उरले ०. उत्तर १४२.

चौथी ओळ पुष्कळ शिकवण्यांत गाळली जाते आणि ९६ ÷ ४ = ११४ तिथूनच येतं. मूल ९ मध्ये ४ एकदाच धरतं, उरतात ५. पाच चारपेक्षा मोठे आहेत हे न बघता ६ खाली आणतं, ५६ होतात, त्यात ४ चौदा वेळा, आणि वर १ पुढे १४ चिकटवतं. मुलाला रागवू नका, ‘९६ रुपये चौघांत वाटले आणि प्रत्येकाला ११४ मिळाले?’ एवढंच विचारा.

पहिला अंकच लहान असेल, जसं १७५ ÷ ७, तर शंभराची एक नोट सात जणांत जात नाही, म्हणून ती मोडून दहाच्या १७ नोटा धरायच्या. १७ मध्ये ७ दोनदा, उरले ३, ५ खाली, ३५, पाच वेळा. उत्तर २५. यातला २ सातावर येतो, एकावर नाही. चौकटीची वही यासाठीच.

सावधान: ‘पहिले दोन अंक घ्यायचे’ असा नियम मुलं स्वतःच काढतात आणि ८५२ ÷ ६ लाही ८५ धरून बसतात. पहिल्या अंकात भाजक मावत नसेल तरच दुसरा अंक जोडायचा.

## पायरी ७: मधला आणि शेवटचा शून्य

६१८ ÷ ३. शंभराच्या ६, प्रत्येकाला २. दहाची एकच नोट, तिघांत जात नाही. म्हणजे प्रत्येकाला दहाच्या नोटा शून्य. हा शून्य लिहायचा, मग नोट मोडायची: १८ नाणी, प्रत्येकाला ६. उत्तर २०६.

मूल म्हणतं, ‘जात नाही ना, म्हणून सोडून दिलं.’ आणि २६ लिहितं. त्याला नोटांवर परत न्या, ‘दहाच्या किती मिळाल्या?’ विचारा. ‘एकही नाही’ हे उत्तर लिहायचं कसं, ते तयारीतल्या ४०८ पासून त्याला माहीत आहे.

मग एक नियम द्या: पहिला अंक वर लिहून झाला की पुढे जितक्या वेळा अंक खाली आला, तितक्या वेळा वर अंक चढला पाहिजे, मग तो शून्य का असेना.

याच क्रमाने सोडवून घ्या: ८४० ÷ ४ (२१०, मुलं २१ लिहून उठतात), २०१२ ÷ ४ (५०३), ७०५ ÷ ७ (१००, बाकी ५). शेवटचं गणित सगळ्यांत अवघड, त्यात दोन शून्यं येतात आणि बाकीही उरते. ते पहिल्या दिवशी देऊ नका.

## पायरी ८: आधी अंदाज, नंतर पडताळा

१५७ ÷ ६ सुरू करण्याआधी विचारा: सहा दाहे साठ, सहा विसे एकशे वीस, सहा तिसे एकशे ऐंशी. म्हणजे उत्तर २० आणि ३० च्या मध्ये कुठेतरी. ते वहीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून ठेवायचं. शून्य गाळलेलं उत्तर या अंदाजापाशीच पकडलं जातं.

सोडवून झाल्यावर: भाजक गुणिले भागाकार, अधिक बाकी, म्हणजे भाज्य. २६ गुणिले ६ म्हणजे १५६, अधिक १, बरोबर १५७. पडताळ्यात बाकी मिळवायची राहून जाते, तेवढं बघा. आणखी एक: २३ ÷ ५ = ३, बाकी ८ हे उत्तरसुद्धा या पडताळ्यात ‘बरोबर’ येतं (१५ अधिक ८). म्हणून बाकी लहान आहे का, हे आधी बघायचं, पडताळा मग.

## पायरी ९: दोन अंकी भाजक

हे एक अंकी भागाकार हाताखालचा झाल्यावरच. १४ चा पाढा पाठ असायची गरज नाही. समासात लिहून घ्या: एकदा १४, दोनदा २८, पाचदा ७०, दहादा १४०. आता ३८९ ÷ १४: ३८ मध्ये दोनदा, २८, उरले १०. ९ खाली, १०९. पाचदा ७० आणि दोनदा २८ मिळून सातदा ९८, उरले ११. उत्तर २७, बाकी ११.

## कुठल्या दिवशी काय द्यायचं

एका बैठकीत चार-पाच गणितं पुष्कळ झाली, आणि सगळी एकाच जातीची. एका जातीची पाचांतली चार बरोबर आल्याशिवाय पुढची जात उघडू नका:

- नोट मोडावी लागत नाही: ८४ ÷ ४ (२१), ६९ ÷ ३ (२३)
- एक नोट मोडते: ७२ ÷ ३ (२४), ९६ ÷ ४ (२४)
- मोडते आणि बाकीही उरते: ७४ ÷ ३ (२४, बाकी २)
- तीन अंकी: ४५६ ÷ ४ (११४), ८५२ ÷ ६ (१४२)
- पहिला अंक लहान: १७५ ÷ ७ (२५), १५७ ÷ ६ (२६, बाकी १)
- मधला शून्य: ६१८ ÷ ३ (२०६)
- शेवटचा शून्य: ८४० ÷ ४ (२१०)

सगळ्या जाती झाल्या की शेवटी सरमिसळ द्या: ९१ ÷ ७, ३२५ ÷ ३, ४१६ ÷ ८, ९६० ÷ ६. उत्तरं अनुक्रमे १३; १०८ (बाकी १); ५२; १६०. दुसऱ्याचं उत्तर १८, बाकी १ आलं किंवा चौथ्याचं १६, तर सातव्या पायरीवर परत जा. पहिल्याचं १३ सोडून दुसरं काही आलं तर पाचवीवर.